मुक्या वस्तूंची साक्ष

सामाजिक विषयावर फोटो काढायचे म्हटलं की आपल्यातले बहुतेकजण आधी चेहरा शोधायला निघतात. सुरकुत्या, डोळ्यांत आलेलं पाणी, थेट लेन्समध्ये बघणारं एखादं लहान मूल. मी पण बरीच वर्षं हेच करत होते आणि त्यातले काही फोटो लोकांना आवडले सुद्धा, पण नंतर नंतर मला त्यांचा त्रास व्हायला लागला, कारण फोटो बघून लोक अरेरे म्हणायचे आणि पुढे जायचे, ज्या बाईचा तो चेहरा होता तिच्यावर ही वेळ का आली हे कोणी विचारायचंच नाही. चेहरा बघून दया येते, आणि दया जितक्या पटकन येते तितक्याच पटकन जाते. म्हणून आता माझं ठाम मत झालंय की ज्या प्रश्नाची मुळं पैशात, कायद्यात, रोजच्या कामाच्या वाटणीत आहेत तो प्रश्न फोटोतून मांडायचा असेल तर आधी वस्तूंकडे वळावं. स्टिल लाइफ. टेबलावर ठेवलेल्या, न हलणाऱ्या वस्तू. फक्त याला एक अट आहे, ती पुढे सांगते, कारण माझं खरं भांडण त्या अटीवरूनच आहे.

स्टिल लाइफ म्हटलं की लोकांना चित्रकलेच्या वर्गात मांडलेली सुरई आणि दोन फळं आठवतात. हात बसावा म्हणून करायची गोष्ट. हा कमीपणा आजचा नाही, फ्रान्समध्ये १६६७ साली आंद्रे फेलिबियाँ या कलेवर लिहिणाऱ्या माणसाने चित्रांची उतरंड लावली त्यात सगळ्यात वर इतिहास-पुराणातले प्रसंग, त्याखाली माणसांची चित्रं, मग प्राणी, मग निसर्गदृश्यं आणि अगदी तळाला फळं, फुलं, शिंपले. पण फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीच्या फोटोंमध्ये दिसतो तो नेमका हाच तळ. फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक, फ्रान्सचा दागेर, याने १८३७ मध्ये स्टुडिओच्या कोपऱ्यात प्लास्टरच्या मूर्ती वगैरे मांडून फोटो घेतला, कारण एक्स्पोजरला, म्हणजे उजेडाने फोटो उमटायला, तेव्हा इतका वेळ लागायचा की हलणारं काही नीट टिपताच यायचं नाही. आणि इंग्लंडमध्ये टॅलबट या फोटोग्राफीच्या दुसऱ्या जनकाने १८४४ पासून भागाभागाने जे फोटोंचं पुस्तक काढलं, त्यात फळ्यांवर ओळीने मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचा एक फोटो आहे. त्याच्यासोबत तो लिहितो की उद्या ही भांडी चोराने पळवली आणि हा फोटो कोर्टात पुढे केला तर ती एक नवीनच प्रकारची, मुकी साक्ष होईल. म्हणजे बघा, फोटोग्राफी अजून पाळण्यात होती आणि वस्तूंचा फोटो नुसती शोभा नसतो, तो साक्षीला उभा राहू शकतो, हे तेव्हाच एकाच्या लक्षात आलं होतं. आपणच मधल्या काळात विसरलो.

आता माझा अनुभव सांगते. घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं करणाऱ्या बायका हा माझा विषय होता. हे काम किती आहे याचा अंदाज आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालावरून येतो, ६४ देशांच्या माहितीवरून त्यांनी काढलं की घरातलं आणि माणसांचं बिनपगारी काम करण्यात रोज १,६४० कोटी तास जातात आणि त्यातले तीन चतुर्थांशाहून जास्त तास बायकांचे असतात. आकडा प्रचंड आहे, पण आकडा दिसत नाही ना. तो दिसावा म्हणून मी घरी एक फोटो रचला होता. काळं कापड, त्यावर कोमेजलेलं एक फूल, सांडलेल्या गोळ्या, शेजारी विझलेली मेणबत्ती. एका बाजूने उजेड. फोटो म्हणून चांगला होता, मला आवडला होता. तो मी ओळखीच्या एका मावशींना दाखवला, त्यांच्या यजमानांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेला आणि तेव्हापासून त्यांचं सगळं मावशीच करायच्या. त्यांनी चष्मा लावून नीट बघितला. मग म्हणाल्या, "अगं, पण या गोळ्या कुणाच्या? आणि सांडल्यात कशा? इथं एक गोळी सांडली तर मी कॉटखाली शिरून शोधते." आणि उठून आत गेल्या आणि एक वही घेऊन आल्या.

ती वही मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही चेहऱ्याहून जास्त बोलली. शंभर पानी, एकेरी रेघांची, पुठ्ठा मऊ पडलेला, कोपरे गोल झालेले. मणक्याला भोक पाडून त्यातून दोरा ओवलेला आणि दोऱ्याला पेन बांधलेलं, कारण रात्री अंधारात पेन शोधायला वेळ नसतो. प्रत्येक पानावर हाताने आखलेले चार रकाने, वेळ, पाणी, गोळी, कूस. कूस म्हणजे कुशीवर वळवलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर एकाच जागी दाब पडून पाठीला, कमरेला जखमा होतात. तर त्या वहीत अकरा, एक वाजून पाच, तीन वाजून दहा, पाच. दुसऱ्या रात्री अकरा वीस, एक वीस, साडेतीन, पाच दहा. पानंच्या पानं तसंच. दिवसाच्या नोंदींचं अक्षर गोल आणि सरळ, रात्रीचं बारीक होत जाणारं, आणि एका ठिकाणी 'पाणी' लिहिता लिहिता वेलांटीचा शेपूट खाली तीन रेघा ओलांडून घसरत गेलेला. तिथे डुलकी लागली होती. पुढची नोंद वीस मिनिटांनी परत सरळ अक्षरात.

मी उघडी वही खिडकीपाशी टेबलावर ठेवली आणि काढला फोटो. त्यात फूल नाही की मेणबत्ती नाही. ज्यांनी ज्यांनी तो बघितला त्यांनी आधी काय केलं असेल तर वजाबाकी. दोन नोंदींच्या मधे किती वेळ आहे ते मोजलं, आणि मग विचारलं की म्हणजे या झोपायच्या कधी? दुसरं कोणी नव्हतं का घरात? रात्रीचं माणूस ठेवायला किती पैसे लागतात? आधीच्या फोटोला छान आहे म्हणाले होते, या फोटोला प्रश्न आले. माझा सगळा मुद्दा या फरकात आहे.

तर ती अट अशी. वस्तू खरी पाहिजे, कुणाचीतरी पाहिजे, आणि कुणाची, कुठली, किती दिवसांची असं विचारलं तर तिला उत्तर देता आलं पाहिजे. सामाजिक विषयावरचे जे स्टिल लाइफ आपण सारखे बघतो त्यातले बहुतेक या अटीत बसत नाहीत. तुटकी बाहुली म्हणजे बालशोषण, साखळी म्हणजे बाईची गुलामी, रिकामी थाळी म्हणजे भूक, दोरीचा फास म्हणजे आत्महत्या. ही चित्रं नाहीत, या पाट्या आहेत. बाहुली दुकानातून आणून मुद्दाम तोडलेली असते आणि बघणाऱ्याला ते मनातल्या मनात कळतं, म्हणून तो हललेला नसतो, फक्त विषय ओळखतो. ओळखला की संपलं. शिवाय फाससारखी गोष्ट तर ज्याच्या मनाची अवस्था आधीच नाजूक आहे अशा माणसाला अपाय करू शकते, ती फोटोत मांडूच नये असं माझं स्पष्ट म्हणणं आहे, तिथे कलेचं स्वातंत्र्य वगैरे मला पटत नाही.

कोणी म्हणेल की मग विकत आणलेल्या वस्तूंनी काहीच होत नाही का, तर होतं, फक्त त्यामागे हिशेब खरा हवा. स्टेफन चाव नावाचा फोटोग्राफर आणि लिन हुईयी ही अर्थशास्त्र शिकलेली त्याची बायको, या दोघांनी २०१० मध्ये बीजिंगमध्ये एक काम सुरू केलं आणि पुढे बरीच वर्षं देशोदेशी जाऊन केलं. त्या त्या देशाच्या दारिद्र्यरेषेवर जगणाऱ्या माणसाच्या वाट्याला एका दिवसाच्या खाण्यासाठी किती पैसे येतात ते काढायचं, तेवढ्या पैशात तिथल्या बाजारात जे मिळेल ते आणायचं, तिथल्याच वर्तमानपत्राच्या पानावर ठेवायचं आणि वरून फोटो घ्यायचा. बस. रडका चेहरा नाही, झोपडी नाही. एका फोटोत थोडी पालेभाजी, दुसऱ्यात दोन-तीन फळं, तिसऱ्यात एक मासा, आणि खाली बातम्या आणि जाहिराती. दारिद्र्यरेषा हा शब्द आपण आयुष्यभर ऐकतो, पण तेवढ्या अन्नात माझा एक दिवस जाईल का हा विचार पहिल्यांदा तिथे डोक्यात येतो आणि मग ही रेषा कोण ठरवतं, कशावरून ठरवतं हे विचारावंसं वाटतं. गरीब माणसाचा फोटो बघून आपण त्या माणसाकडे बघतो, हा फोटो बघून आपण धोरणाकडे बघतो. त्या वस्तू कुणाच्या मालकीच्या नसल्या तरी त्यांना किती हे विचारता येतं आणि उत्तर मिळतं.

आणि जिथे वस्तू खरोखर कुणाची तरी असते तिथे काय होतं हे बघायचं तर इशिउची मियाको या जपानी फोटोग्राफरचं हिरोशिमावरचं काम बघावं. ६ ऑगस्ट १९४५ ला लोकांच्या अंगावर जे कपडे होते ते घरच्यांनी जपून ठेवले आणि पुढे तिथल्या शांतता स्मारक संग्रहालयाला दिले. २००७ पासून त्या हे कपडे बाहेर काढून त्यांचे फोटो घेत आल्या आहेत. हिरोशिमा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतो तो काळापांढरा ढग, काळेपांढरे भग्न अवशेष. यांचे फोटो रंगीत. फुलाफुलांचं कापड, घरी हाताने शिवलेला ब्लाउज, नाजूक बटणं, मागून उजेड आल्यामुळे जळालेली भोकं आणि टाके दोन्ही एकदम दिसणारे. बघताना आधी वाटतं किती सुंदर फ्रॉक आहे, ही मुलगी हौशी असणार, आणि मग भोक दिसतं. युद्धात इतके लाख मेले हे वाक्य आपण पचवलेलं असतं, पण हा फ्रॉक कोणीतरी माप घेऊन शिवला होता हे पचत नाही. शिवाय त्यांच्या फोटोंच्या नावात तो कपडा संग्रहालयाला कोणी दिला त्याचं नाव असतं. म्हणजे वस्तू अनाथ होत नाही.

अनाथ होण्याचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि त्यावर मला सोपं उत्तर सापडलेलं नाही. वस्तूंच्या फोटोवरचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच की यात माणूसच गायब होतो, जिवंत माणूस समोर असताना त्याच्या चपला काय दाखवता. उदाहरणार्थ टॉम कीफर हा फोटोग्राफर. तो अमेरिकेत ॲरिझोनातल्या आहो गावाजवळ सीमा गस्ती पोलिसांच्या ठाण्यात साफसफाईचं काम करायचा. वाळवंट तुडवत सीमा ओलांडून आलेल्या, पकडलेल्या माणसांच्या वस्तू तिथे काढून घेऊन कचऱ्यात टाकल्या जायच्या, कंगवे, टूथब्रश, जपमाळा, बायबलच्या प्रती. त्या तो कचऱ्यातून उचलून घरी न्यायचा आणि एकेका प्रकारच्या एकत्र मांडून फोटो काढायचा. काम जबरदस्त आहे. सरकारी कागदावर ज्याला विनाकामाचं सामान ठरवलं ती कोणाची तरी जपमाळ होती हे त्याच्यामुळे कळलं. पण ज्यांच्या त्या जपमाळा, त्यांना कोणी विचारलं नाही, विचारणं शक्यच नव्हतं, ते लोक कुठे गेले ते कोणाला माहीत. मला तरीही वाटतं त्याने फोटो काढले ते योग्यच केलं, कारण दुसरा पर्याय कचराकुंडी होता. पण जिथे मालक जिवंत आहे, शेजारच्या खोलीत बसलाय, तिथे न विचारता त्याच्या चपलांचा फोटो काढणं मला चेहरा चोरण्याइतकंच चुकीचं वाटतं.

याच्या दुसऱ्या टोकाला फोटोग्राफर झिया गाफिच. हा बोस्नियाचा, सारायेवोचा. तिथल्या युद्धात जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा या गावी बोस्नियन सर्ब सैन्याने ८,००० हून जास्त पुरुषांना आणि मुलग्यांना मारून सामूहिक कबरींमध्ये पुरलं. पुढे त्या कबरी उकरल्यावर हाडांबरोबर ज्या वस्तू निघाल्या, घड्याळं, किल्ल्या, चष्मे, कंगवे, त्यांचे फोटो याने काढले. साधे, वरून घेतलेले, कसलीही सजावट नाही, एका फोटोत एक वस्तू. अशा वस्तूंच्या आधारे घरचे लोक आपला माणूस ओळखतात. म्हणजे एखादी आई चष्म्याची काडी बघते आणि म्हणते, हा त्याचा. इथे फोटो शब्दशः साक्ष देतो, टॅलबटने कल्पना केली होती तशी, फक्त चोरीला गेलेल्या भांड्यांच्या जागी माणसं आहेत. यात माणूस गायब होत नाही, परत येतो.

वस्तू हलवायच्या की नाही यावरून पण लोक वाद घालतात. १९३६ मध्ये आर्थर रॉथस्टीनने अमेरिकन सरकारसाठी दुष्काळाचे फोटो काढताना साउथ डकोटात बैलाची एक कवटी भेगाळलेल्या जमिनीवर टिपली, मग काही फूट हलवून गवतावर ठेवून टिपली. ते वर्ष निवडणुकीचं. विरोधी वर्तमानपत्रांनी हे पकडलं आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचं सरकार दुष्काळ खोटा दाखवतंय म्हणून गदारोळ केला. दुष्काळ खरा होता, कवटी खरी होती, तरी काही फुटांनी घात केला. स्टिल लाइफवाल्यांना यातून सुटका आहे, कारण मांडून काढलेला फोटो आपण मांडलाय हे लपवतच नाही, टेबल दिसतं, पार्श्वभूमी दिसते. वस्तू टेबलावर आणा, उजेडाकडे वळवा, एकीशेजारी एक ठेवा, मला त्यात काही गैर वाटत नाही. पण तिच्यात भर घालू नका. वहीवर मुद्दाम पाण्याचा थेंब पाडून तो अश्रू म्हणून दाखवला तर त्या क्षणी सगळी वही खोटी होते, खरी अक्षरं सुद्धा.

काढताना काय करायचं ते थोडक्यात. उजेड एका बाजूने आणि खालच्या कोनातून घ्या म्हणजे झिजलेला भाग, टाके, पेन दाबून लिहिल्याचे वळ उठून दिसतात. स्टँड वापरा, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, लहान म्हणजे एफ/८ किंवा एफ/११ ठेवा आणि मागचं सगळं धूसर करायचा मोह टाळा, साक्षीदाराचं अर्धं बोलणं धूसर करून कसं चालेल. वस्तू पुसू नका, धुऊ नका. सुंदर दिसली तर दिसू द्या, सौंदर्याची लाज बाळगायचं कारण नाही, सुंदर असल्यामुळे माणूस जास्त वेळ बघतो आणि जास्त वेळ बघितल्यावरच त्याला ती घसरलेली वेलांटी दिसते.

एक धोका मात्र लोकांच्या ध्यानात येत नाही. चेहरा दाखवला नाही म्हणजे ओळख लपली असं नसतं. औषधाच्या पाकिटावर नाव असतं, किल्लीच्या बिल्ल्यावर नंबर असतो, फोनवरून काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये लोकेशन जाऊन बसलेलं असू शकतं, आणि लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर नुसता ड्रेस बघून शेजारीण सांगू शकते की हा कोणाचा. अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठातून सुरू झालेलं एक प्रदर्शन आहे, 'तेव्हा तू काय घातलं होतंस' या प्रश्नावरचं. अत्याचार सोसलेल्यांनी सांगितलेल्या वर्णनावरून तसेच कपडे जमवून टांगलेले, शेजारी त्यांचे शब्द. टीशर्ट, जीन्स, लहान मुलीचा फ्रॉक. ते फोटो नाहीत, पण मांडणीचं तत्त्व तेच, आणि त्यांनी मूळ कपडे मागितले नाहीत हे मला फार बरोबर वाटतं. वस्तू खरी हवी या माझ्या अटीला हा अपवाद आहे आणि मी तो आनंदाने मान्य करते, कारण शब्द खरे आहेत, कपडे मूळ नाहीत हे लपवलेलं नाही आणि बाई सुरक्षित आहे. बाईपेक्षा फोटो मोठा नाही.

राहिली गोष्ट फोटोखालच्या ओळीची. बरेच फोटोग्राफर म्हणतात फोटोने स्वतः बोलावं, खाली लिहायची गरज पडली तर फोटो फसला. चेहऱ्याच्या बाबतीत असेल कदाचित, वस्तूच्या बाबतीत मला हे अजिबात मान्य नाही. मुकी साक्ष कोर्टात सुद्धा कोणीतरी वाचून दाखवावी लागते, ही भांडी कोणाची, फोटो कधीचा. ती ओळ फोटोचाच भाग आहे आणि ती ज्याची वस्तू त्याने तपासली पाहिजे.

वहीचा फोटो बाहेर दाखवण्याआधी मी प्रिंट घेऊन मावशींकडे गेले. पानावर यजमानांचं नाव होतं ते झाकलं होतं, ते त्यांनी बघितलं आणि मान हलवली. खाली मी लिहिलं होतं, एका वर्षाच्या रात्री. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि दोऱ्याला बांधलेलं तेच पेन उचलून 'एका' वर काट मारली.

"चार वर्षं," म्हणाल्या. "आधीच्या वह्या रद्दीत गेल्या. तेवढं लिही."